आशिया बॅकपॅक, अपडेट ४ : घसरणाऱ्या कंबरपट्ट्याचा छडा लागला

मंडळी, सॅकचा कंबरपट्टा घसरायचं कारण सापडलं, आणि ते पट्ट्यात नव्हतंच.

मागच्या अपडेटमधली यवतेश्वर घाटाची चाचणी आठवत असेल. ४० लिटरची सॅक, साडेआठ किलो भार, साताऱ्यातून वर चढून परत, आणि कंबरपट्टा जागचा हलला नाही. बँकॉकच्या पहिल्याच दुपारी तोच पट्टा दर दहा मिनिटांनी सैल. कंबरेचा भार खांद्यावर आला की मानेच्या मुळाशी ठणका ठरलेला.

पहिला संशय घामावर. नायलॉनची पट्टी पाणी धरते, ओली झाली की किंचित लांबते. पॉलिएस्टरची फारशी नाही. म्हणून बकलच्या कडेला पट्टीवर मार्करने रेघ मारली, पट्टी बादलीत दहा मिनिटं बुडवली आणि भरलेली सॅक घालून हॉस्टेलचे चार मजले दोनदा चढ-उतार. रेघ सरकली अर्धा सेंटीमीटर. रस्त्यावर हाच आकडा किलोमीटरला तीन सेंटीमीटर होता. म्हणजे घाम साथीदार, मुख्य आरोपी दुसराच. मग बकल तपासलं. आतल्या दांड्याची धार झिजली असेल तर पकड जाते, पण नख फिरवलं तर धार शाबूत.

जिना आणि रस्ता यांत फरक एकच : जिन्यावर पासपोर्टचा पाउच खोलीत होता, रस्त्यावर तो पोटावर, पट्ट्याच्या खाली. हे बकल पट्टी सरळ ओढली गेली तरच ती दाबून धरतं. त्याचं एक टोक वर उचललं की पट्टी सुटते. सैल करताना आपण मुद्दाम तेच करतो. पाउचची चेनवाली जाड कड नेमकी त्या टोकाखाली येत होती आणि प्रत्येक पावलाला बकल जरासं उचलत होती. यवतेश्वरच्या वेळी पासपोर्ट घरी कपाटात. चाचणी पास व्हायचीच!

उपाय दोन. पाउच कंबरेवरून काढून गळ्यात, शर्टाच्या आत, बगलेकडे सरकवलेला. दुसरं, पट्टीच्या मोकळ्या टोकावर २५ मिमीचं तीन दांड्यांचं साधं प्लास्टिक बकल ओवून ते मुख्य बकलला टेकवलं आणि टोक उलटं वळवून त्यातूनच परत घेतलं. बँकॉकच्या संपेंग गल्लीत असल्या बटणं-बकलं-पट्ट्यांची दुकानं ओळीने आहेत. आपल्या साताऱ्याच्या मोती चौकातल्या शिवणसामानाच्या दुकानदाराला तिथे एक दिवस सोडायला हवं. नमुना म्हणून जुनं बकल हातात न्यावं, भाषेची गरज पडत नाही. त्यानंतर सहा किलोमीटर भर उन्हात : घसरण शून्य. रेघ जिथल्या तिथे बघून जो आनंद झाला, तो कुठल्याही मंदिराच्या कळसाने दिला नाही.

पट्टे आवळायचा क्रमही पुन्हा सांगतो, कारण अजून उलटंच करतात लोक. सगळे पट्टे सैल करा, कंबरपट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसवून आवळा, मग खांदे, मग खांद्यावरचे छोटे ओढपट्टे, शेवटी छातीचा. जड वस्तू पाठीला चिकटून, सॅकच्या मध्यावर.

बाकी थोडक्यात. विमानाच्या काट्यावर सॅक ६.७ किलो, सात किलोच्या मर्यादेत (पाणी नंतर भरलं). त्यात रिकामी सॅक १.२५, कपडे २.१, विजेचं सामान १. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवर भरते, शंभरच्या आत आहे. ती केबिनमध्येच हवी. आपला दोन पिनांचा चार्जर थायलंडमध्ये सरळ बसला, लॅपटॉपचा तीन गोल पिनांचा नाही. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. सुती टी-शर्ट दीड दिवस वाळला नाही, पॉलिएस्टरचा टॉवेलात गुंडाळून पिळल्यावर रात्रीत वाळला. सुती परत पाठवणार.

रात्रीच्या गाडीने ७५१ किलोमीटरवरचं चिआंग माई गाठलं. खालचा बर्थ रुंद आहे, जास्तीचे पैसे तिथे घालावेत. पुढे ‘पाय’ नावाच्या गावाला जायचं ठरलं होतं, पण ७६२ वळणांचा रस्ता आणि टपावर बांधलेली सॅक... हे लिहितानाच तो बेत रद्द. थेट चिआंग खोंग, पूल ओलांडून लाओसमधलं हुआय साय, तिथून मेकाँगवरच्या दोन दिवसांच्या संथ बोटीने लुआंग प्रबांग, मुक्काम पाक बेंगला. बोटीत सॅक ढिगाऱ्यात जाते, म्हणून कंबरपट्टा उलटा फिरवून सॅकच्याच पुढे आवळायचा, म्हणजे लोंबणारी बकलं कुठे अडकत नाहीत. लाओसच्या रेल्वेत चाकू आणि स्प्रेचे डबे काढून घेतात, त्यामुळे डासांचा स्प्रे आत्ताच संपवून मलम घेतोय.

पाऊस सुरू झाला की रेघेची मोजणी पुन्हा करणार, या वेळी पाउच गळ्यात ठेवून.