प्रोबेटसाठी वकील शोधताना
वडिलांच्या मृत्युपत्राची मूळ प्रत कपाटात सापडली, तेव्हा त्यावरील दोन साक्षीदारांपैकी एक हयात नसल्याचे लक्षात आले आणि प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, कामे नेहमी करणाराच वकील हवा, असे मी ठरवले. पहिल्या वकिलांनी कागद न वाचताच मिळकतीच्या टक्केवारीत फी सांगितली. ती पद्धत मला पटली नाही, कारण मालमत्ता मोठी म्हणजे काम किचकट असतेच असे नाही. दुसऱ्या वकीलबाईंनी मात्र प्रत्येक पानावरची सही पाहिली, एखादे पान बदललेले तर नाही ना म्हणून स्टेपलची छिद्रेही निरखली आणि मग वडिलांच्या कर्जांविषयी विचारले, कारण वाटपाआधी देणी फेडावी लागतात. ठरावीक फी आणि कोर्टाचा खर्च वेगळा, असे त्यांनी लेखी दिले. वकीलपत्रावर मी त्याच दिवशी सही केली.