कैलास लेण्यातले ४ लाख टन येतात कुठून?

वेरूळचं १६ क्रमांकाचं लेणं कुठल्याशा लुप्त संस्कृतीनं किंवा परग्रहवासीयांनी कोरलं, असं सांगणारे व्हिडिओ एकाच गणितावर उभे असतात: ४ लाख टन दगड, १८ वर्षं, म्हणजे रोज ६० टन. हे माणसांना अशक्य, झालं!

आधी १८ वर्षं. ही राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द, सुमारे इ.स. ७५६ ते ७७३. काम तेवढ्यातच पुरं झालं असं कोणत्याही कोरीव लेखात नाही. शेजारच्या १५ क्रमांकाच्या लेण्यात कृष्णाच्या आधीचा राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा लेख आहे, म्हणजे कृष्णाच्या आधीपासून हे घराणं इथे होतं. याच लेण्याच्या बाजूच्या कड्यात कोरलेल्या लंकेश्वरासारखे भाग तर नंतरचे मानले जातात.

आता टन. खड्ड्याची लांबी सुमारे २७६ फूट, रुंदी १५४ फूट, मागच्या कड्याशी खोली १०७ फूट. तिन्ही गुणा: ४५ लाख घनफूट. बेसाल्टच्या घनफुटाला ८० किलो धरले की साडेतीन लाख टनांच्या वर जातं. चूक इथेच होते. डोंगर उतरता आहे, पुढच्या बाजूला खोली फार कमी. आणि मधलं देऊळ तर काढलेलंच नाही, ते उभं आहे. दोन्ही वजा केलं की निम्म्याच्या आसपास, साधारण २० लाख घनफूट उरतं.

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी माणशी रोज ४ घनफूट धरून हिशेब केला: २५० माणसं, साडेपाच वर्षं. हा दर कुणाला जास्त वाटत असेल तर ३ घनफूट धरा, पावसाळा आणि सणवार सोडून वर्षाला २०० दिवसच काम धरा. तरी १३-१४ वर्षांत दगड निघतो.

कोरीवकामाला वेगळा काळ जोडायचं फारसं कारण नाही, कारण काम वरून खाली झालं. दोन्ही बाजूंना एकेक आणि मागे एक आडवा असे तीन चर खणले की मधे अखंड खडक सुटा उभा राहतो. पाथरवट शिखर घडवत असताना खाली खणणारे चर खोल नेतात. न काढलेला खडक हीच परांची, म्हणून लाकूड कमी लागतं. मोठा खर्च टाक्यांचा: बेसाल्टवर लोखंडाची धार लवकर बोथट होते, त्यामुळे लोहाराचा भाता सतत चालू हवा. चूक मात्र महागात पडते, कारण जास्तीचा निघालेला दगड परत लावता येत नाही. माप आधी पक्कं हवं.

‘मग मलबा कुठे गेला?’ २० लाख घनफूट खडी तीन फूट जाडीनं पसरली तर साधारण १५ एकर भरते. लेणी पश्चिमेच्या उतारावर आहेत आणि मधे बाराशे वर्षं गेली.

बडोद्याच्या ताम्रपटात (इ.स. ८१२च्या सुमारास) विमानातून जाणारे देव हे देऊळ बघून चकित होतात, आणि खुद्द शिल्पी म्हणतो, हे मी कसं केलं! व्हिडिओवाल्यांना यातलं विमान तेवढं दिसतं. पण तो शिल्पी माणूस आहे, आणि ताम्रपटात राजाचं नावही आहे.

मराठी दंतकथेत राणी माणिकावती शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा नवस बोलते, आणि पैठणचा शिल्पी कोकसा शिखरापासूनच काम सुरू करतो. वरून खाली, हे आपल्याकडे गोष्टीतही टिकलं.

काम अर्ध्यात थांबलेलं बघायचं असेल तर अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं बघा. तिथे काही खांब घडलेले, काही नुसतेच ओबडधोबड ठोकळे, आणि खडकावर टाकीचे घाव तसेच.