उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे आणि ती उत्तरेला उघडते. फ्लॅट दाखवणाऱ्या माणसाने ही गोष्ट गुण म्हणून सांगितली होती. "इथे ऊन येणारच नाही साहेब, ओटा कायम गारेगार." पहिल्याच वर्षी मे संपता संपता एका संध्याकाळी त्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलं, शेगडीवरून सरकत मिसळणाच्या डब्यावर जाऊन बसलं आणि आई म्हणाली, "हे इकडून कुठून आलं?"

तो माणूस खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याने घर बहुतेक डिसेंबरात पाहिलं असेल. पुणं साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्याला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेतली मुलं मैदानात बाटल्या उभ्या करतात आणि पेपरात फोटो येतो. फोटोनंतर काय होतं ते कुणी छापत नाही. सूर्य डोक्यावरून पलीकडे, उत्तरेला उतरतो. तिथून जुलै संपेपर्यंत तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत उत्तरेच्याच अंगाला असतो आणि भर दुपारी आपली इवलीशी सावली दक्षिणेकडे पडते. 21 जूनच्या आसपास साडेतेवीस अंशांवरच्या कर्कवृत्तापर्यंत जाऊन तो परत फिरतो. आमचा मिसळणाचा डबा त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे, इतकंच.

मला नसते उद्योग करायची सवय आहे. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी ऊन भिंतीच्या टाइलवर कुठवर पोचतं तिथे मी पेन्सिलीने रेघ मारायला लागलो. बायकोने त्या रेघा दोनदा पुसल्या. तिसऱ्यांदा मात्र तीही बघायला आली, कारण एक गंमत दिसत होती. मेच्या तिसऱ्या आठवड्यातल्या रेघा सुट्या सुट्या होत्या. जून उजाडल्यावर त्या एकमेकींना चिकटायला लागल्या आणि पुढे तर कालची कुठली, आजची कुठली, ओळखू येईना. ऊन चालता चालता थबकलं होतं.

आपल्या खगोलाच्या पुस्तकांत या घटनेला विष्टंभ म्हणतात. इंग्रजी 'सोल्स्टिस'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही तोच, सूर्याचं थांबणं. कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सूर्य सहा महिने उत्तरेला जातो, थांबतो, मग सहा महिने दक्षिणेला जातो, पुन्हा थांबतो. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांना तीच क्रिया सुचली, कारण कुणाच्या दगडावर, कुणाच्या काठीवर रेघा अशाच चिकटल्या असणार. आणि थांबलेला पाहुणा परत निघेल की नाही, ही धाकधूकही सगळीकडे सारखीच असावी.

आमच्या रेघांचं पुढे काय झालं? मृगाचा पाऊस आला. अकरा वर्षांत 21 जूनची रेघ मला दोनदाच मारता आली. बाकी नऊ वर्षं आभाळ.

भाची इंग्लंडमध्ये असते. एका वर्षी 21 जूनसाठी ती मध्यरात्री गाडी काढून स्टोनहेंजला, तिथल्या प्राचीन दगडी वर्तुळापाशी गेली. त्या दिवशी तिथे लोकांना दगडांच्या अगदी जवळ जाऊ देतात. पहाटे पाचच्या आत सूर्योदय, हजारो माणसं, ढोल, डोक्यावर फुलांची कडी, पांढरे झगे घातलेले आजचे ड्रुइड, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांचं नाव लावणारे लोक. मोठे दगड उभे राहिले ते साधारण इसवी सनापूर्वी 2500 च्या सुमारास, आणि ड्रुइडांचा उल्लेख मिळतो तो त्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी. पण झगे छान दिसतात. वर्तुळाच्या मधोमध उभं राहिलं की त्या दिवशी सूर्य बाहेरच्या एकट्या दगडाच्या, हील स्टोनच्या, अंगाने वर येतो. भाचीने व्हिडिओ पाठवला. त्यात राखाडी आभाळ आणि तिचा आवाज, "मामा, ढगच आहेत रे!" मला फार बरं वाटलं.

यात एक खोच आहे. ज्या रेषेत उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस उगवतो, त्याच रेषेत पाठ फिरवून उभं राहिलं तर हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस मावळतो. जवळच डरिंग्टन वॉल्स नावाची त्याच काळातली वस्ती खणली, तेव्हा डुकरांच्या हाडांचा खच सापडला. दातांवरून कळलं की बरीच डुकरं नऊएक महिन्यांची असताना मारली होती. वसंतात जन्म धरला तर मेजवानी भर हिवाळ्यातली. म्हणजे बांधणाऱ्यांचा खरा सण कदाचित डिसेंबरातला, आणि आजची गर्दी त्यांच्या देवाकडे पाठ करून उभी असते. तिकडच्या अंधाराचा विचार केला तर ते पटतं. स्टोनहेंजला जूनमधला दिवस साडेसोळा तासांच्याही वर जातो आणि डिसेंबरात आठांच्या खाली येतो. आमच्याकडे मोठा दिवस सव्वातेरा तास, लहान अकरा. दोन तासांच्या फरकासाठी कोण एवढे दगड ओढणार? आपण तिळगूळ वाटतो, तेवढं पुरे आहे.

इजिप्तचं प्रकरण मला अधिक जवळचं वाटतं, कारण तिथे या दिवसाला पाण्याचा वास आहे. नाईलला पूर यायला सुरुवात व्हायची ती याच सुमारास, आणि याच दिवसांत व्याधाचा तारा, त्यांची सोपदेत देवी, दोनेक महिने दिसेनाशी होऊन पहाटे पुन्हा उगवायची. तारा दिसला, पाणी चढलं की नवं वर्ष. ओसायरिस देवासाठी त्याची बायको इसिस रडते, म्हणून नदी भरते, असं लोक म्हणत. पुढे देव बदलले, तरी जूनच्या मध्यावरची 'थेंबाची रात्र' तिथे राहिली. आभाळातून एक थेंब नदीत पडतो आणि पूर येतो, असं मानायचे. त्यांच्या डोक्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. पूर यायचा तो इथिओपियाच्या डोंगरांवर कोसळणाऱ्या मोसमी पावसाचा. तो पाऊस आणि आमचा पाऊस एकाच ऋतूतला. आम्ही छत्री शोधत असतो तेव्हा हजारो मैलांवर कुणी नदीकडे डोळे लावून बसायचं, आणि दोघांचीही वाट पाहणं याच सूर्याच्या भरवशावर.

तिथलीच विहिरीची गोष्ट शाळेत ऐकली होती. आजचं अस्वान म्हणजे तेव्हाचं सायीन. तिथल्या विहिरीत या दिवशी भर दुपारी ऊन थेट तळाला पोचतं, हे स्ट्रॅबो, प्लिनी या जुन्या लेखकांनी लिहिलंय. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसलेल्या एरॅटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने त्याच वेळी आपल्या गावातली सावली मोजली. वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. दोन गावांमधलं अंतर पाच हजार स्टेडिया (तेव्हाचं अंतराचं माप), गुणिले पन्नास, झाला पृथ्वीचा घेर. शाळेत सरांनी ही गोष्ट भूमितीची म्हणून सांगितली. मला तेव्हाही विहीरच दिसत राहिली. वर्षभर काळंभोर असणारं पाणी एका दुपारी पेटल्यासारखं चमकतं आणि रहाटावरची बाई क्षणभर घागर सोडायची थांबते. तिने कुणाला नमस्कार केला असेल?

चिनी लोकांनी या दिवसाचा लावलेला अर्थ मला सगळ्यांत शहाणा वाटतो. उन्हाचा, तेजाचा, 'यांग'चा कळस झाला की त्याच क्षणी त्याच्या पोटात थंड, ओलसर 'यिन' जन्माला येतं. म्हणून बीजिंगमध्ये सम्राट थंडीतल्या अयनाला, म्हणजे सर्वांत लहान दिवशी, दक्षिणेच्या गोल वेदीवर आकाशाची पूजा करी, आणि जूनमध्ये उत्तरेच्या चौकोनी वेदीवर पृथ्वीची. ही वेदी 1530 ची. सूर्य कळसाला पोचलेला असताना मान खाली घालून मातीला नमस्कार! सामान्य माणसं त्या दिवशी नूडल्स खातात, हेही शहाणपणाचंच.

आपल्याकडे मात्र दक्षिणायनाला कुणी विचारत नाही. ते आपल्याला माहीत आहे ते भीष्मांमुळे, त्यांनी ते टाळलं म्हणून. उत्तरायण देवांचा दिवस, दक्षिणायन त्यांची रात्र. पुढे आषाढी एकादशीला पांडुरंग झोपतो, आणि नेमकं त्याला झोप लागायच्या वेळी लाखो माणसं चालत त्याच्या दारात जातात. तरीही अयनाचा सण असा नाहीच. आता 21 जूनला योगदिन असतो. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या पडतात, आणि आज सगळ्यांत लवकर सूर्योदय असा एक चुकीचा मेसेज फिरतो. सगळ्यांत लवकरचा सूर्योदय आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यातच होऊन गेलेला असतो. मी हे एकदा ग्रुपवर लिहिलं. कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

मग एका जूनमध्ये कामासाठी गोव्यात होतो. 24 तारीख, सांजावचा दिवस. सकाळपासून भुरभुर. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घातलेली पोरं घुमट वाजवत, 'व्हिवा सांजाव' ओरडत वाड्यावाड्यांतून फिरत होती. नव्या जावयांना मान होता. फणस होते, फेणी होती. आणि विहीर आली की धपाधप उड्या. एक आजोबा कठड्याला टेकून उभे होते. म्हणाले, "ह्या बांयत हांवूंय उडी मारतालों."

सांजाव म्हणजे संत जॉन बाप्तिस्ताचा जन्मदिवस. ख्रिस्तजन्माच्या सहा महिने आधीचा, कारण बायबलात जॉन ख्रिस्तापेक्षा सहा महिन्यांनी मोठा आहे. जुन्या रोमन पंचांगातही थंडीतलं अयन 25 डिसेंबरला आणि उन्हाळ्यातलं 24 जूनच्या सुमारास धरत. बायबलमध्ये हा जॉन ख्रिस्ताविषयी म्हणतो, त्याने वाढत जावं आणि मी कमी होत जावं. संत ऑगस्टीनने त्याला दिनमानाशी जोडलं, कारण जॉनच्या जन्मापासून दिवस लहान होत जातात, ख्रिस्ताच्या जन्मापासून मोठे. युरोपभर या सणाच्या आदल्या रात्री शेकोट्या पेटवतात आणि त्यांच्यावरून उड्या मारतात. सूर्य उतरणीला लागला, त्याला थोडा जाळ देऊया, असा तो मामला. पोर्तुगीजांबरोबर हा सण गोव्यात आला तेव्हा बाहेर काय होतं? जूनचा पाऊस. शेकोटी पेटणार कशी? उडी तेवढी राहिली, आणि जाळाच्या जागी पाणी आलं. ख्रिस्ताची आई मारीया हिची हाक ऐकून आईच्या पोटातल्या जॉनने उडी मारली, तीच ही विहिरीतली उडी, असं तिथे सांगतात. तेही खरंच असेल. पण पावसाने सणाची पाटी पुसून आपल्या हाताने नवी लिहिली, हे मला जास्त आवडतं.

परत आल्यावर आईला हे सांगत होतो. ती म्हणाली, "आपल्यात नाही कसं? त्याच दिवसात आर्द्रा लागतं की." मी गप्प. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो तो 21-22 जूनलाच. वराहमिहिराने लिहून ठेवलंय की पूर्वीच्या शास्त्रांत दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यापासून सांगितलं होतं, त्याच्या काळात ते कर्केच्या आरंभी आलं. तेव्हापासून ते आणखी मागे सरकत आता आर्द्रापाशी पोचलं आहे. आर्द्रा म्हणजे ओली. जगाने ज्या दिवशी सूर्याचं नाव घेतलं, त्याच दिवशी आमच्या शेतकऱ्याच्या तोंडी ओलाव्याचं नाव आलं.

यंदाही 21 तारखेला आभाळ गच्च होतं. मी पेन्सिल घेऊन ओट्यापाशी उभा. सहाच्या सुमाराला ढग जरासा फाटला, डब्याच्या झाकणावर नखाएवढा कवडसा आला, रेघ मारेपर्यंत गेलाही. आई चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागचं पान वाचत होती.

"वाहन काय गं?" मी विचारलं.

"बेडूक," ती म्हणाली. "दोरीवरचे कपडे आत घे."