नवरा बेपत्ता, पक्षकार चुलता

बेपत्ता नवऱ्यापासून विवाहविच्छेद मागणाऱ्या एका मुस्लिम अशिलाच्या दाव्याचा मसुदा टाईप करता करता आमच्या कारकुनाने विचारलं, "मॅडम, नवऱ्याच्या नावापुढे मयत लिहू की बेपत्ता?" बेपत्ताच. पण त्याचा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात कलम 3 आहे. दावा दाखल झाला त्या दिवशी नवरा वारला असता तर वारस कोण झाले असते, त्यांची नावं-पत्ते द्यायचे आणि त्यांना नोटीस काढायची. शिवाय नवऱ्याचा चुलता आणि भाऊ हयात असतील तर ते वारस असोत नसोत, त्यांना पक्षकार करायचंच. इथे आईवडील गेलेले, भावंडं नाहीत. राहिले दोघं : शाळकरी मुलगी आणि चुलता.

माणूस कोकणातला, आखातात कामाला गेलेला. आधी पैसे थांबले, मग फोन. पोलिसांत हरवल्याची तक्रार, पेपरातली जाहीर नोटीस, एजंटाचं उडवाउडवीचं पत्र, सगळ्यावर पुरावा म्हणून निशाणी पडली होती. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर याच कायद्याच्या कलम 2 प्रमाणे बायकोला विवाहविच्छेद मागता येतो; ती चार वर्षं कधीच उलटून गेली होती. मला वाटलं, चुलता हजरच होणार नाही आणि दावा एकतर्फी निघेल.

पुकारा झाला आणि चुलता उभा राहिला. वकील नाही, हातात कागद नाही. म्हणाला, "साहेब, आम्ही शाफई. आमच्यात चार वर्षांची मुदत नाही. मेल्याची पक्की खबर येईपर्यंत बाईने थांबायचं असतं."

आणि त्याचं बरोबर होतं. शाफई, हनफी, मालिकी हे सुन्नींचे मजहब, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरा. घाटावर बहुतेक सुन्नी हनफी; कोकण किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर शाफई मजहब आला आणि टिकला. खुद्द इमाम शाफईंचं आधीचं मत चार वर्षांचंच होतं. इजिप्तला गेल्यावर त्यांनी ते बदललं. चार वर्षांचा आधार मदिनेतला, खलिफा उमर यांच्या निवाड्याचा. मालिकी मजहबाचे इमाम मालिक यांनी तो धरला. इराकमधल्या कूफ्याच्या हनफी परंपरेने धरला नाही : नवऱ्याच्या वयाची माणसं संपेपर्यंत थांबा, काहींच्या मते तो 90 वर्षांचा होईल तोवर. विशीतल्या बाईला हे सांगायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग हे मालिकी मत आमच्या दिवाणी कोर्टात कसं आलं? बायकांनी आणलं, असं माझं मत. ब्रिटिश अमदानीत हनफी कायद्याने बायकोला सुटका मिळेना. धर्म सोडला की निकाह तुटतो, हा नियम मात्र कोर्टं मानत. तेव्हा काही बायकांनी तीच वाट धरली. त्याने उलेमा, म्हणजे धर्मपंडित (आलिम), हादरले. देवबंदच्या मदरशाच्या परंपरेतले आलिम अशरफ अली थानवी यांनी अरबस्तानातल्या हिजाजमधल्या मालिकी आलिमांकडून फतवे मागवले आणि अडचणीत दुसऱ्या मजहबाचं मत घेता येतं, या जुन्याच तत्त्वाचा आधार घेतला. सदस्य काझमी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणलं, 1939 ला कायदा झाला. धर्म सोडल्याने निकाह आपोआप तुटत नाही, हेही त्यातच आलं. असे दावे मुस्लिम न्यायाधीशानेच चालवावेत ही उलेमांची अट तेवढी गळली.

मी यातलं जमेल तेवढं मांडलं. मजहब बदलता येतो हे दाखवायला 1864 चा मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडाही झेरॉक्स काढून नेला होता : शाफई घरातली वयात आलेली मुलगी हनफी होऊन बापाच्या संमतीवाचून निकाह करू शकते, असा. तो काढायची वेळच आली नाही. न्यायाधीशांनी चुलत्याला बसायला सांगितलं आणि शांतपणे समजावलं, की कलम 2 मुस्लिम कायद्याने लग्न झालेल्या प्रत्येक स्त्रीला लागू आहे, त्यात मजहब विचारलेला नाही.

इथे एक हिशेब सांगायला हवा. सात वर्षं खबर नसेल तर माणूस मेला असं पुराव्याचा कायदा धरून चालतो. माझी अशील तोवर थांबली असती तर विधवा म्हणून तिला नवऱ्याच्या घरात एक अष्टमांश मिळाला असता, मुलीला निम्मं, उरलेले तीन अष्टमांश चुलत्याला. विवाहविच्छेदाचा हुकूमनामा झाला की तिचा वाटा संपतो आणि चुलत्याला सरळ निम्मं घर मिळतं. म्हणजे तो स्वतःच्या फायद्याच्या विरोधात उभा होता. हे मी अशिलाला आधीच कागदावर मांडून दाखवलं होतं. ती म्हणाली, "अष्टमांशात एक खोलीपण येत नाही, मॅडम."

हुकूमनामा झाला. व्हरांड्यात चुलत्याने विचारलं, "आणि पोरगा परत आला तर?" मी सांगितलं, हुकूमनामा सहा महिने लागू होत नाही; तेवढ्यात तो आला आणि नांदवायला तयार आहे अशी कोर्टाची खात्री पटवली, तर हुकूमनामा रद्द होतो. "मग मी चौकशी चालू ठेवतो," म्हणाला आणि एजंटाचं पत्र झेरॉक्सला मागितलं. मी दिलं.

अशिलाचा प्रश्न वेगळाच होता : इद्दत, म्हणजे पुन्हा लग्न करण्याआधी थांबायचा काळ, आजपासून धरायची का? मी सहा महिन्यांनंतर धरायला सांगितलं, तोवर लग्न मोडलेलंच नसतं. मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम, बाकी होता, तो या कायद्याने बुडत नाही. त्याचे कागद घेऊन तिला पुढच्या सोमवारी बोलावलं.