बोअरमधला आवाज

निफाड तालुक्यातल्या त्या विहिरीचं चित्र आमच्या कंपनीच्या एका शिराझच्या, म्हणजे त्या नावाच्या काळ्या द्राक्षांच्या लाल वाईनच्या, लेबलवर आहे. घडीव दगडाची, दोन मोटांची विहीर. काठाच्या दगडावर नाड्याने पडलेल्या खाचा अशा, की अख्खी मूठ बसावी. आत कोनाड्यात शेंदूर फासलेल्या आसरा. लेबलवर ती काठोकाठ भरलेली आहे. २०२४च्या फेब्रुवारीत मी काठावर उभा होतो, तेव्हा तळाला डबकं होतं आणि त्यात एक चप्पल तरंगत होती.

मी वायनरीचा फील्ड ऑफिसर. लोकांना वाटतं दिवसभर चाखत हिंडतो. खरं काम म्हणजे ओळीच्या दोन्ही अंगांनी, वरून-खालून मिळून शंभर मणी तोडायचे, पिशवीत चुरडायचे, रसाचा ब्रिक्स म्हणजे साखर आणि पीएच म्हणजे आंबटपणा बघायचा, बिया दाताखाली फोडायच्या. त्या दिवशी विहिरीच्या मालकाच्या, अण्णांच्या प्लॉटचा ब्रिक्स २३ होता, बिया तपकिरी, कुरकुरीत. पण पानांच्या कडा विडीने चटका दिल्यासारख्या जळालेल्या आणि रस जिभेवर खारट. पीएच चढला तर टार्टारिक आम्ल घालून उतरवता येतो. मीठ कसं काढणार?

२००१ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं, त्या भरात अण्णांनी खायची, बिनबियांची थॉमसन काढून शिराझ लावली. गाव हसलं. बारीक मणी, आत बिया, ‘दारूची द्राक्षं’! वायनरीने नाकारली तर बाजारात कोणी फुकट उचलत नाही, हे धोरण लिहिणाऱ्यांच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

“साहेब, बोअरचं पाणी तुम्हीच तपासलं होतं ना?” अण्णांनी विचारलं.

हो, मीच. २०१९च्या उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा बोअर मारायचा सल्लाही माझाच. विहिरीपासून तीस फुटांवर, साडेतीनशे फूट खोल. मोटार चालू केली, पहिल्या धारेत मीटर बुडवला, ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, ०.८ आला. उत्तम म्हणून मी निघून गेलो. तेव्हापासून विहीर होळीऐवजी दिवाळीलाच तळ गाठायला लागली. आम्ही पावसाला दोष दिला, मग गाळाला. गाळ काढायला खर्चही केला. विहीर जितकी लवकर आटे, तितका बोअर जास्त चाले.

या वेळी मोटार चालूच ठेवली. दहा मिनिटांनी १.२. पंचवीस मिनिटांनी २.४. तिथून हलेना.

मोटार बंद केली आणि अण्णा म्हणाले, “आता ऐका.” केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये वरून घातलेल्या पाइपच्या, तोंडाशी कान लावला. आत खोल कुठेतरी पाणी पडत होतं. बारीक, एकसारखं, नळ अर्धवट सोडल्यासारखं. “रोज रात्री येतो आवाज. मला वाटायचं बोअरला झरा लागलाय.”

झराच होता, पण विहिरीचा. विहीर बेचाळीस फूट, तिचं गोडं पाणी मुरमातून येतं. रिगवाल्याने केसिंग वीस फुटांवर थांबवलं होतं. कातळ लागेपर्यंत पाइप घालायला हवा होता, पण फुटामागचे पैसे वाचवणं हा त्यांचा धर्म, आणि शेतकरीही त्यालाच स्वस्त म्हणतो. खालचा तीनशे तीस फूट उघडा. विहिरीत येणारं पाणी परभारे बोअरमधून पाताळात चाललं होतं. मी मोजलं ते ०.८ म्हणजे रात्रभर वरून पडून साठलेलं विहिरीचंच पाणी.

माल नाकारल्याच्या कागदावर सही माझीच. कारणाच्या रकान्यात ‘गुणवत्ता’ एवढंच लिहिलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “आमची की पाण्याची?”

मे महिन्यात बोअर खालपासून वरपर्यंत बुजवला. निम्मे पैसे मी दिले, कंपनीला सांगितलं नाही. त्या पावसाळ्यानंतर दिवाळीत अण्णांचा फोन आला. खालून सातवी पायरी बुडालेली होती. मी म्हटलं, मीटर घेऊन येतो.

“या. पण मीटर राहू द्या,” म्हणाले. “मी पिऊन बघितलंय.”