तासाला वीस मिनिटं

तीन तासांच्या पेपरची शेवटची घंटा झाली की ब्लॉकमधली मुलं उठतात, बाक सरकतात, सुपरवायझर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा लावायला घेतात. आमच्या एका विद्यार्थिनीचा पेपर त्यानंतर आणखी एक तास चालतो. तिला जन्मापासून दिसत नाही. ती सांगते आणि शेजारी बसलेली एफवायची मुलगी लिहिते.

मागच्या हिवाळी परीक्षेत घंटा झाली आणि सुपरवायझरनी तिचीही उत्तरपत्रिका उचलली. जादा वेळेचं पत्र त्या ब्लॉकपर्यंत पोचलंच नव्हतं. ते सर वाईट नव्हते, त्यांच्या हातातल्या यादीत तशी नोंद नव्हती एवढंच. ती म्हणाली, "सर, मला अजून एक तास आहे." लेखनिक मुलगी तर रडकुंडीला आली. शेवटी आमचे शिपाई मामा धावत मला बोलवायला आले. मी दुसऱ्या मजल्यावर पोचले, सिनियर सुपरवायझरना गाठून परिपत्रक दाखवलं, उत्तरपत्रिका परत तिच्या बाकावर आली, तोवर पस्तीस मिनिटं गेली होती. तास नव्याने मोजायचं सगळ्यांनी मान्य केलं. तेव्हा ती काही बोलली नाही. पेपर संपल्यावर जिना उतरताना म्हणाली, "मॅडम, चौथ्या उत्तराचे पुढचे तीन मुद्दे मी मनात ओळीने लावून ठेवले होते. ते विस्कटले."

आपण लिहिताना अडखळलो तर वरच्या चार ओळींवरून नजर फिरवतो आणि गाडी पुन्हा चालू होते. तिच्यासमोर कागदच नसतो. अख्खं उत्तर डोक्यात उभं असतं आणि त्यातलं एकेक वाक्य ती उतरवून देते. "आत्तापर्यंतचं वाचून दाखव" म्हटलं की लेखनिक वाचते, पण त्यातही मिनिटं जातात. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला किमान वीस मिनिटं जादा द्यायला सांगितली आहेत ती याच्यासाठी. तीन तासांना एक तास. अनेकांना ती सवलत वाटते. सवलत कसली? तेवढा वेळ तिचा त्या रीतीत खर्चच होतो.

गेले काही महिने ही वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. परीक्षेच्या तासाचा हिशोब कोणीतरी केला. पण परीक्षेच्या आधीच्या चार महिन्यांचं काय?

मी ग्रंथालयात नोकरीला लागून आता १९ वर्षं झाली. उजव्या पायात पोलिओ, लहानपणापासून कॅलिपर. मी लागले तेव्हा दिव्यांगांसाठीचा १९९५ चा कायदा होता आणि नोकरीत ३ टक्के जागा राखीव होत्या, त्यातली एक माझी. पाच वर्षांपूर्वी तळमजल्यावरची जुन्या नियतकालिकांची खोली 'दिव्यांग कक्ष' झाली आणि तिची किल्ली माझ्याकडे आली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण हेच सगळं मी दुसऱ्या विद्यापीठांतल्या ग्रंथालयवाल्यांकडूनही ऐकत आले आहे.

कक्ष उघडला त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. बी.ए.चा एक मुलगा आला. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतलं आणि ते फुकट मिळतं. आमच्याकडच्या बहुतेक अंध मुलांचं शिक्षण त्याच्यावर चालतं. मुलगा म्हणाला, "मॅडम, सरांच्या नोट्स वाचल्या जात नाहीत." मी पडद्यावर पाहिलं. स्वच्छ, ठळक मराठी. मी म्हटलं, "अरे, छान दिसतंय की." त्याने एक इअरफोन काढून माझ्या हातात दिला.

कानात काय आलं ते मी विसरणार नाही. कुठल्याच भाषेत नसलेले उच्चार, मध्येच एखादं सुटं इंग्रजी अक्षर, मध्येच 'डॉलर', मध्येच 'स्लॅश', आणि ते सगळं त्याच एकसुरी आवाजात, पानामागून पान. नोट्स श्रीलिपीत टाइप केल्या होत्या. त्या जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना 'क' दिसतो, पण संगणकाने आत साठवलेलं असतं भलतंच चिन्ह. कागदावर छापलं तर काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला मात्र त्यात मराठीचं एक अक्षर सापडत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलं की तेच पान खणखणीत वाचलं जातं. एवढाच फरक. आणि तरी आजही परिपत्रकं, वेळापत्रकं, प्रश्नपेढ्या जुन्या फॉन्टमध्ये येतात. कधी कधी तर छापील कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो पीडीएफ म्हणून गटात पडतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'सर्वांनी वाचावे'.

मग आम्ही वाचता येईल असं करतो. जुना फॉन्ट असेल तर कन्व्हर्टर, छापील पुस्तक असेल तर स्कॅनर. स्कॅनिंग म्हणजे बटण दाबलं की झालं, असं बाहेरून वाटतं. मराठी पुस्तकांची शिवण बरेचदा इतकी घट्ट असते की पान काचेवर सपाट बसत नाही, आणि आतल्या कडेचं अक्षर वाकतं किंवा गिळलं जातं. पुस्तक तळहाताने दाबून धरावं लागतं. शंभर पानांनंतर मनगट बोलायला लागतं. मग संगणक चित्रातली अक्षरं ओळखतो आणि ओळखताना चुकतो. 'ख' चा 'रव' होतो. 'धन' चं 'घन' होतं, 'भाषा' ची 'माषा'. डोळस माणूस संदर्भाने सावरून घेतो. कानाने वाचणारा 'रवरोरवर' ऐकतो आणि थांबतो, मागे जातो, अक्षर-अक्षर ऐकतो, तेव्हा कळतं की ते 'खरोखर' आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव वाक्याच्या मधोमध घुसतं. तळटिपा तशाच. म्हणून कोणीतरी मूळ पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासायची. आमच्याकडे एनएसएसची मुलं हे करतात. हात बसलेली मुलगी तासाला आठ-दहा पानं तपासते. तीनशे पानांचं पुस्तक म्हणजे किती तास झाले, करा हिशोब.

"हे कॉपीराइटमध्ये बसतं का?" असं प्राध्यापक काळजीने विचारतात. बसतं. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांग वाचकासाठी वाचनीय प्रत करायला परवानगी आहे. याच विषयावरचा जागतिक मराकेश करार झाला २०१३ मध्ये आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला होता, २०१४ साली. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, मी सगळ्यात आधी तिथेच शोधते. पण एम.ए.च्या यादीतला मराठी संदर्भग्रंथ शोधायला गेलं की बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतते आणि स्कॅनर चालू करते.

आता वेळेचं बघा. सेमिस्टर सुरू होतं जूनच्या शेवटी किंवा जुलैत. संदर्भग्रंथांची यादी वर्गात सांगितली जाते ऑगस्टमध्ये. मुलं माझ्याकडे येतात. पहिलं पुस्तक तयार होतं सप्टेंबरच्या अखेरीला, तेही सगळं सुरळीत चाललं तर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा. म्हणजे वर्गातल्या इतरांनी जे तीन महिने वाचलं, ते हिने तीन आठवड्यांत ऐकायचं. तिला पुस्तक मिळालं, अशी नोंद माझ्या रजिस्टरमध्ये होते. वर्षअखेरीच्या अहवालात तो आकडा जातो. तारीख जात नाही. मी गेल्या वर्षीपासून रजिस्टरला दोन रकाने वाढवले, मागणीची तारीख आणि दिल्याची तारीख. पहिल्या सेमिस्टरला त्या दोन तारखांमधलं सर्वांत मोठं अंतर ७१ दिवसांचं निघालं. तो कागद मी कुलगुरूंच्या बैठकीत ठेवला. ठेवताना हात थरथरत होता, खरं सांगते.

लेखनिकाचंही तेच. मंजुरीचं पत्र आदल्या दिवशी संध्याकाळी हातात पडतं. मग ती दोघं एकमेकींना पहिल्यांदा भेटतात ती परीक्षेच्या सकाळी, आणि एकीचं बोलणं दुसरीच्या हाताच्या वेगाशी जुळेपर्यंत पहिला प्रश्न संपलेला असतो. शिवाय "४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही, मग लेखनिक नाही" हे वाक्य काउंटरवर अजून ऐकू येतं. लिहिताना हात आखडणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजीच सांगितलं आहे की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यावरून केंद्राने १० ऑगस्ट २०२२ ला वेगळ्या सूचनाही काढल्या. त्याची प्रत मी कक्षाच्या दारावर आतून-बाहेरून चिकटवली आहे.

नंदुरबारकडच्या एका मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेलही आहे. पण तो मुलगा चालतो, बोलतो, क्रिकेट खेळतो. दुखणं उसळलं की चार-पाच दिवस हाडं पिळून निघतात, आणि त्या दिवसांत तो वर्गात नसतो. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली. त्याला कोणी दिव्यांग मानेचना, प्रमाणपत्र पाहूनही. विभागप्रमुखांशी मी तीन वेळा बोलले. आता तो आजारी असला की वर्गातली एक मुलगी व्याख्यान रेकॉर्ड करून पाठवते आणि हजेरीची सूट परीक्षेच्या वेळी नाही, सेमिस्टरच्या सुरुवातीलाच लेखी मिळते.

कर्मचाऱ्यांबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून हेही लिहिते. आस्थापना विभागातले एक सर, पन्नाशीच्या अलीकडचे, एकदा संध्याकाळी दिवे लागल्यावर कक्षात आले. दाराच्या चौकटीला हात लावून, चाचपत. मला तेव्हाच कळलं. रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग नजर कडेकडेने आक्रसत जाते आणि नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरतं. तीन वर्षं त्यांनी ऑफिसात कोणाला कळू दिलं नव्हतं. कुठली फाइल कुठल्या कपाटात कितवी, हे पाठ करून ठेवलं होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी अर्धा तास येऊन टिपण्या मोबाइलवर मोठ्या करून वाचून घ्यायचे. खुर्चीत बसून बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई, आता राजीनामा द्यावा लागेल का?"

मी कपाटातून तोच २०१६ चा कायदा काढला आणि कलम २० मोठ्याने वाचून दाखवलं. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. ते काम जमेनासं झालं तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचं, तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादाचं, पद निर्माण करायचं. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. घरी बायकोला ऐकवायला म्हणून फोनवर रेकॉर्ड करून घेतलं.

ते आज त्याच विभागात आहेत. एनव्हीडीए शिकायला त्यांना पाच महिने लागले, रोज दुपारच्या सुट्टीत, आणि शिकवलं कोणी? पहिल्या वर्षी ज्याने मला इअरफोन दिला होता त्या मुलाने. हाताने लिहिलेल्या टिपण्या सॉफ्टवेअर वाचू शकत नाही, म्हणून एक सहकारी रोज सकाळी पंधरा मिनिटं त्यांना वाचून दाखवतो. सेवानियम त्यांना आता ऑफिसात सगळ्यांपेक्षा जास्त तोंडपाठ आहेत. पण ती तीन वर्षं, लपवाछपवीची, ती मला राहून राहून आठवतात. पहिल्याच महिन्यात कोणाला तरी सांगायची सोय असती तर एवढी घालमेल झाली नसती.

रॅम्पचं थोडक्यात सांगते. उताराचं प्रमाण एकास बारा हवं. दोन फूट उंची असेल तर चोवीस फूट लांबी. परीक्षा विभागासमोरचा रॅम्प मी टेपने मोजला, दोन फुटांना नऊ फूट होता. व्हीलचेअरवरच्या मुलाला मागून दोघांनी ढकलावं लागायचं आणि उतरताना तिघांनी धरायला. तो आता तोडून नवा केला आहे, वळण घेऊन. कर्णबधिर मुलांच्या बाबतीत आम्ही फार मागे आहोत. सांकेतिक भाषेचा दुभाषा आमच्याकडे नाही, आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका एवढं सांगण्यापलीकडे मी अजून काही करू शकलेले नाही. त्यासाठी यंदा प्रस्ताव दिला आहे.

त्या ७१ दिवसांच्या कागदाचं काय झालं? यादी एप्रिलमध्येच ग्रंथालयाकडे द्यावी असं परिपत्रक निघालं, युनिकोडमध्ये. पहिल्या वर्षी अकरा विभागांपैकी चारांनी दिली. मे महिन्यात कक्षात पंखा फुल करून आम्ही स्कॅनिंग करत होतो, एनएसएसची दोन मुलं गावाला न जाता थांबली होती.

परवा रात्री अकराला मराठ्यांचा इतिहास शिकवणाऱ्या सरांचा मेसेज आला. त्यांनी जुन्या श्रीलिपीतल्या नोट्स स्वतः बसून युनिकोडमध्ये केल्या होत्या, बासष्ट पानं. खाली लिहिलं होतं, "मॅडम, हे वाचलं जातंय का बघाल?" मी अंथरुणातून उठून लॅपटॉप लावला, इअरफोन घातला, डोळे मिटले. पहिलं पान आवाजाने न अडखळता वाचलं. मी फाइल परीक्षेत मुद्दे विस्कटलेल्या त्या विद्यार्थिनीला पाठवली. ती जागीच होती. दहा मिनिटांत उत्तर आलं: "मिळालं मॅडम. तिसऱ्या पानावर तळटीप वाक्यात येतेय, सरांना सांगा. पुढचं ऐकतेय."