सतरा सेंटिमीटरची तार

नेवाडातलं ब्लॅक रॉक वाळवंट ताटासारखं सपाट आहे, तरी तीन किलोमीटरवर पडलेलं रॉकेट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून माझ्या हौशी रॉकेटच्या टोकात रेडिओवर टिकटिक पाठवणारा ट्रान्समीटर असतो, ४३३ मेगाहर्ट्झचा. त्यासाठी इथे हौशी रेडिओचा परवाना लागतो. तो मी आधीच काढला होता.

तरंगलांबी सुमारे ६९ सेंमी, तिचा चौथा भाग १७. तेवढी तार अँटेना म्हणून पुरते. पण ती बसवता कुठे, यावर सगळं आहे! कार्बन फायबरची नळी सिग्नल अडवते, फायबरग्लासची जाऊ देते. शेजारी लोखंडी सळई असली तरी तारेचं काम बिघडतं. मी सळईच काढून टाकली.

हातात तीन दांड्यांचा यागी, म्हणजे सिग्नलची दिशा शोधणारा अँटेना, पोलादी मोजपट्टी कापून केलेला. डिकीत दुमडतो, बाहेर काढला की ताठ. किती आवडतो मला तो!

रॉकेट थेट डोक्यावर असलं की तारेचं टोक आपल्याकडे येतं आणि सिग्नल क्षीण होतो. तेव्हा घाबरू नका. जमिनीवर रॉकेट आडवं पडतं, मग यागीही मनगटातून आडवा करा. मागच्या खेपेला एवढं केलं आणि हरवलेली टिकटिक परत ऐकू आली.